शिकवणारी विमानं

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळची धावपट्टी म्हणजे अकोल्याजवळची शिवणीची, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पण विमानांचे फोटो आमच्याकडे आहेत. रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, कोणत्याही बाजूला जा. कुठे ओसरीतल्या भिंतीवर, कुठे लोखंडी पेटीच्या तळाशी एक काळापांढरा फोटो निघतोच. मागे विमान, पुढे खुर्च्यांवर बसलेले अधिकारी, त्यांच्यामागे रांगेत उभी तरुण पोरं, आणि त्यातला एक घरचा. मी एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो. गावी परतल्यापासून असे फोटो माझ्याकडे येतात. “काका, यातले आजोबा कोणते ते ठाऊक आहे. विमान कोणतं ते तुम्ही सांगा.”

या फोटोंत लढाऊ विमान क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा मागे उभं असतं ते ट्रेनर, म्हणजे शिकवण्याचं विमान. हवाई तळावर स्वतःचा कॅमेरा न्यायला सक्त मनाई असते. फोटो काढायचा तो सरकारी छायाचित्रकारानं, कोर्स संपताना किंवा कुणी मोठा अधिकारी पाहणीला आला तर. लढाऊ विमानं शेडमध्ये, पहाऱ्यात. ट्रेनर मात्र उघड्यावर उभं असायचं आणि त्यात लपवण्यासारखं काही नसायचं. त्यामुळे ज्या विमानांवर कुणी पुस्तकं लिहिली नाहीत, नेमकी तीच आमच्या भिंतींवर राहिली.

मागच्या पावसाळ्यात कारंज्याची एक मुलगी आजोबांचा असाच फोटो घेऊन आली. विमानाच्या अंगावर ‘एचटी’ ही अक्षरं आणि पुढे आकडा, म्हणून घरच्यांनी चौकटीखाली ‘एचटी-२’ अशी पट्टी चिकटवलेली. मी तिला विमानाचं नाक बघायला सांगितलं. नाक गोल, रुंद. आत वर्तुळात मांडलेले नऊ सिलिंडर. हे हार्वर्ड, अमेरिकन घडणीचं. हवाई दलात हार्वर्डच्या क्रमांकाआधी एचटी लिहीत. खऱ्या एचटी-२ च्या अंगावर आयएक्स किंवा बीएक्स असायचं, आणि त्याचं नाक निमुळतं, कारण त्याच्या इंजिनाचे चार सिलिंडर एकामागे एक, तेही उलटे टांगलेले. मुलीनं पट्टी काढली नाही. खाली दुसरी चिकटवली आणि त्यावर ‘हार्वर्ड’ लिहिलं. घरच्यांच्या हातची पट्टी फेकवत नाही, म्हणाली. मला ते पटलं.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या पोरांचं उडणं सुरू व्हायचं ते टायगर मॉथवर. बेगमपेठ आणि जोधपूरला हे प्राथमिक शिक्षण चाले, आणि तिथून पास झालेला अंबाल्याला हार्वर्डवर जाई. टायगर मॉथ १९३१ चं इंग्रजी विमान. दोन पंख एकावर एक, सांगाड्यावर कापड ताणून त्याला डोप नावाचं रसायन चोपडलेलं. पुढच्या खड्ड्यात शिक्षक, मागच्यात विद्यार्थी, दोघांच्या मध्ये बोलायला एक नळी. इंजिन सुरू करायला खाली उभ्या माणसानं पंखा हातानं फिरवायचा आणि झटक्यासरशी मागे सरायचं. तो खालचा माणूस आमच्या जातकुळीचा, ग्राउंड क्रूचा. जुन्या फोटोत पंख्याला हात लावून उभा असलेला, टोपी तिरपी घातलेला पोरगा दिसला की माझी नजर आधी त्याच्याकडे जाते.

हार्वर्डचे पंख कापडाचे नव्हेत, धातूचे. पाचशेहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन, पोटात ओढून घेता येणारी चाकं. त्याचा आवाज ऐकलेला माणूस तो विसरत नाही. पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचत, त्यामुळे गुरगुर नाही, फाडत जाणारी कर्कश घरघर येई. लढाऊ विमानात बसण्याआधी पोराची खरी परीक्षा हार्वर्ड घेई.

ही दोन्ही विमानं बाहेरची. आपल्या मातीत ट्रेनर कसं घडलं, त्या गोष्टीत महाराष्ट्रातली दोन माणसं आहेत आणि शाळेच्या पुस्तकात दोघांनाही असायला हवं तेवढं स्थान नाही, हे मला मनापासून खटकतं.

पहिले वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. साखर, जहाजं, मोटारी या त्यांच्या उद्योगांबद्दल लोक बोलतात. १९३९ मध्ये विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी त्यांची गाठ पडली आणि विमानाचा कारखाना काढायचं ठरलं. म्हैसूर संस्थानानं जागा आणि भांडवल दिलं, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. कारखान्यातून उडालेलं पहिलं विमान कोणतं? हार्लो नावाचं ट्रेनर, ऑगस्ट १९४१ मध्ये. बॉम्बफेकी नाही, लढाऊ नाही, शिकवणारं. पुढे युद्ध भारताच्या दाराशी आलं. १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. विमानं बांधायचं स्वप्न मागे पडलं, पण हजारो हात तिथे धातूचं काम शिकले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा पाया तिथे आहे.

दुसरे डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले. मुंबईचं शिक्षण संपवून ते जर्मनीत ग्यॉटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पंखावरून हवा कशी वाहते, हे जगाला ज्यांनी समजावलं ते हे प्रांटल. असा माणूस परदेशात राहिला असता तर नवल नव्हतं. घाटगे परत आले, १९४० मध्ये बंगळुरूच्या कारखान्यात रुजू झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी दहा जणांना नेणारं जी-१ हे ग्लायडर आखलं. भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचं शिक्षण उभं करण्यातही त्यांचा हात होता.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यात पर्सिव्हल प्रेंटिस हे इंग्रजी ट्रेनर जोडलं जाई. जड अंगाचं, इंजिन त्या मानानं अशक्त. त्याच्या जागी स्वतःचं विमान बांधायचं ठरलं, आणि घाटग्यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ चं काम सुरू झालं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. भारतात आखलेलं आणि भारतात मालिकेनं बांधलेलं पहिलं इंजिनाचं विमान ते हेच. साधारण १७० बांधली गेली. १९५९ मध्ये घानानं आपलं हवाई दल उभारायला घेतलं तेव्हा तिकडे १२ गेली. नुकत्या स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेतल्या देशाचे वैमानिक कोल्हापूरकडच्या माणसानं आखलेल्या विमानात उडायला शिकले, ही गोष्ट मी गावच्या शाळेत सांगतो तेव्हा मुलं सरसावून बसतात.

लोकांना वाटतं ट्रेनर म्हणजे सोपं विमान. आखणाऱ्याला विचाराल तर ते सगळ्यांत अवघड. लढाऊ विमान निष्णात माणसासाठी असतं. ट्रेनरमध्ये बसणारा पोरगा पहिल्यांदा काठी हातात धरतो. त्यानं चूक केली तरी विमानानं त्याला सांभाळायला हवं, पण इतकं नाही की चूक कळूच नये. वेग घटला की पंखांनी हवा सोडण्याआधी अंग थरथरायला हवं. गिरकीत पडायला हवं, आणि उलट पायडल दाबून काठी पुढे केली की गिरकीतून बाहेरही यायला हवं.

एचटी-२ च्या अंगात हे सगळं होतं. साडेसात मीटर लांब, पावणेअकरा मीटर पंख, १५५ अश्वशक्ती, ताशी २०० किलोमीटरच्या थोडा वर वेग. एकामागे एक दोन जागा, वर सरकणारी काच. दोन मोठी चाकं पुढे, एक छोटं शेपटीखाली. जमिनीवर असताना नाक वर, त्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नसे. डावी-उजवीकडे वळत वळतच तो धावपट्टीपर्यंत जाई. विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो, म्हणून उतरताना जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान जागेवर गरकन फिरतं. ग्राउंड लूप म्हणत त्याला. एचटी-२ वर शिकलेल्या वैमानिकाचे पाय उतरल्यावरही पायडलवरून हलत नसत. ती सवय त्याला जन्मभर पुरे.

माझी गाठ या विमानाशी पडली ती बिदरला, ऐंशीच्या दशकात. तांबरमला फिटरचं शिक्षण झालं आणि पोस्टिंग बिदर आलं तेव्हा घरचे खूश झाले, कारण ते वाशीमपासून जवळ. मीटरगेजच्या गाडीनं पूर्णेला उतरायचं, पुढे नांदेड, मग उदगीरवरून एसटीनं बिदर. बाजारात मराठी चाले, भालकी-औरादकडची माणसं आपल्यासारखीच बोलत. चीन युद्धानंतर हवाई दलाला वैमानिक जास्त हवे झाले आणि साठच्या दशकात बिदरला प्राथमिक उड्डाण शिक्षणाची शाळा सुरू झाली. आमचा दिवस पहाटे सुरू होई, कारण शिकाऊ पोरांना सकाळची शांत हवा लागते.

फिटरचं काम काय असतं ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगतो. विमान पोरानं आपटून उतरवलं की वैमानिकाच्या तोंडाकडे बघायची गरज नसे, टायरकडे बघायचं. टायर आणि चाकाच्या रिमवर मिळून एक पांढरी रेघ ओढलेली असते. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर टायर रिमवर घसरलाय, चाक उतरवायचं. मग चाकाचा पाय, मग पंखाच्या मुळाशी पत्रा. पत्र्याला सुरकुती आहे का, ते तिरप्या उजेडात डोळा लावून बघायचं. मग रिव्हेट. घट्ट रिव्हेटभोवती पत्रा स्वच्छ असतो. सैल झालेला रिव्हेट उड्डाणात थरथरतो, घासतो, आणि त्याच्याभोवती वाऱ्याच्या दिशेनं काळसर धूसर पट्टा उमटतो. नख फिरवलं की कळतं. असा एक पट्टा दिसला की विमान थांबवायचं, आणि फॉर्म ७०० मध्ये आपली सही केल्याशिवाय ते पुन्हा उडत नाही. त्या सहीखाली एका एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा जीव असतो, ही जाणीव तांबरमच्या वर्गात आली नव्हती. बिदरच्या टारमॅकवर आली.

घाटगे एचटी-२ वर थांबले नाहीत. त्यांच्याच नेतृत्वात किरण हे जेट ट्रेनर आखलं गेलं आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी ते उडवलं. यात शिक्षक-विद्यार्थी शेजारीशेजारी बसतात. शिक्षकाला पोराचा हात आणि चेहरा दोन्ही दिसतात. १९९६ मध्ये बिदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं ते किरणवरच, आणि हवाई दलाचं नाव त्या नऊ विमानांनी जत्रेजत्रेत नेलं.

एचटी-२ च्या जागी आलेलं एचपीटी-३२ मात्र दुःखाची गोष्ट. १९७७ मध्ये पहिलं उड्डाण, ऐंशीच्या दशकात शाळांत दाखल. इंजिन हवेत बंद पडण्याची व्याधी त्याला जडली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. १७ अपघात, १९ वैमानिक गेले. जुलै २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात दोन शिक्षक गेले आणि ही विमानं जमिनीवर आणली गेली. काही वर्षं पोरांना थेट किरणवर शिकावं लागलं, मग स्वित्झर्लंडहून ७५ पिलाटस आली. स्वतःचं प्राथमिक ट्रेनर बांधणारा देश साठ वर्षांनी ते विकत घेऊ लागला. आता एचटीटी-४० हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं नवं ट्रेनर आलंय, २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आणि त्याची जोडणी आपल्या नाशिकलाही होते आहे. एचटी-२ प्रत्यक्ष बघायचं असेल तर दिल्लीला पालमचं हवाई दल संग्रहालय आहे, बंगळुरूला कंपनीचं वारसा संग्रहालय आहे.

पण संग्रहालयातल्या विमानाशेजारी माणसं नसतात, आणि आपल्या फोटोंत ती आहेत. म्हणून माझं सांगणं एवढंच: फोटो चौकटीतून काढा. शेपटीवरचे, अंगावरचे आकडे भिंगातून वाचा आणि दोन्ही लिहून ठेवा. एचयू असेल तर टायगर मॉथ, एचटी असेल तर हार्वर्ड, यू असेल तर किरण. उभे कोण, बसलेले कोण, ते डावीकडून लिहा, आणि जे आठवत नाहीत त्यांच्या जागी मोकळी जागा सोडा, कारण शेजारच्या गावात तोच फोटो कुणाकडे तरी असतो आणि त्यांना तेवढंच नाव ठाऊक असतं. लिहायचं ते पाठीमागे, मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेनची खूण पुढे चेहऱ्यावर उमटते.