माटुंग्याला परतलेला अमाइनचा हिशेब

डोळखांबच्या घरात सिलिंडर गळला की येणारा वास गॅसचा स्वतःचा नसतो, मुद्दाम घातलेला असतो. कच्च्या गॅसमध्ये असतो तो हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा, विषारी, पाइप गंजवणारा. तो रिफायनरीतच काढून टाकतात. धंद्याच्या भाषेत असा गॅस आधी 'आंबट' असतो, मग 'गोड' होतो.

गोड करतं ते अमाइन मिसळलेलं पाणी. उंच टॉवरमध्ये खालून गॅस चढतो, वरून हे द्रावण उतरतं. आम्लधर्मी वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड, त्याला चिकटतात. मग द्रावण ११०-१२० अंशांपर्यंत तापवलं की ते सुटतात. थंड करून तेच द्रावण पुन्हा टॉवरवर. १९३० साली अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना याचं पेटंट मिळालं. त्यांचं अमाइन होतं ट्रायइथेनॉलअमाइन. पुढे त्याची जागा बऱ्याच ठिकाणी मोनो आणि डायइथेनॉलअमाइननं घेतली.

इतिहास सांगताना लोक सहसा बॉटम्सपाशी थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वायू चिकटतो हे कळलं. पण किती वेगानं? ते ठाऊक नसेल तर टॉवर किती उंच बांधायचा हे कसं ठरवणार? (आम्हा कोड लिहिणाऱ्यांचंही तेच. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते किती वेळात येतं हेही बघावं लागतं.)

या वेगावर केंब्रिजमध्ये पीटर डँकवर्ट्स काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले जर्मन सुरुंग निकामी केल्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळवलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली मन मोहन शर्मा यांनी पीएचडी केली. शर्मा मूळचे जोधपूरचे, शिकले माटुंग्याच्या यूडीसीटीत. १९६४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ते तिथेच प्राध्यापक म्हणून परतले. १९६६ साली दोघांचा अल्कली आणि अमाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड कसा शोषला जातो, यावरचा लेख छापून आला.

कोणतं अमाइन निवडायचं, हा सगळा खेळ या वेगाचा आहे. हायड्रोजन सल्फाइड आपला प्रोटॉन जवळजवळ क्षणात देऊन टाकतो. कार्बन डायऑक्साइडला मात्र थेट अमाइनच्या नायट्रोजनशी जोडून घ्यावं लागतं. मोनोइथेनॉलअमाइनमध्ये ते झटपट जमतं. मिथाइलडायइथेनॉलअमाइनच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच उरलेला नसतो, त्यामुळे तो रस्ता बंद आणि दुसरा संथ. म्हणून फक्त विषारी वायू काढून कार्बन डायऑक्साइड बराचसा जाऊ द्यायचा असेल, तर हेच संथ अमाइन कामाचं.

१९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  तोवर माटुंग्यात वायू आणि द्रव यांच्या अभिक्रियांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची फळीच तयार झाली होती.

आता हीच रीत औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला वापरतात. तिथे अडतं ते सोडवताना. द्रावण तापवायला वाफ लागते, ती बहुधा त्याच केंद्रातून घेतात, आणि तेवढी वीज कमी तयार होते.