निरोप कुणाचा? पासवर्ड आपोआप न भरण्यामागचा इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. ब्राउझरमधलं पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन बाकी सगळीकडे पासवर्ड भरतं, बँकेच्या पानावर मात्र गप्प बसतं. ते बिघडलंय का? उत्तर द्यायला मी जरा लांबचा रस्ता घेणार आहे, आणि तो आपल्या विवळवेढ्यावरूनच जातो.

महालक्ष्मीच्या यात्रेला निरोप लागत नाही. चैत्र लागला की पाड्यापाड्यांतून माणसं निघतात. सभेचं तसं नसतं, तिथे कुणीतरी सांगावा आणावा लागतो. १९४५च्या मे महिन्यात झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले, कारण सांगावा फिरला होता: गोदूताईंची, म्हणजे गोदावरी परुळेकरांची सभा आहे, हल्ला व्हायची भीती आहे, हत्यारं घेऊन या. हा सांगावा जमीनदारांच्या माणसांनी पसरवलेला होता. इकडे पोलिसांना कळवलं गेलं की वारली दंग्यासाठी जमलेत. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

माणसांच्या मरणाशेजारी पासवर्डचा विषय ठेवताना मला संकोच वाटतो. पण तलवाड्याला झालेली फसवणूक कसली होती, हे नीट बघा. जमलेल्यांच्या ओळखीबद्दल काहीच शंका नव्हती. प्रश्न होता तो बोलावणाऱ्याच्या ओळखीचा, आणि तो तपासायची सोय पाड्यावरच्या माणसाकडे नव्हती.

संगणकाच्या इतिहासात पहिली कित्येक वर्षं फक्त उलटा प्रश्न विचारला गेला. १९६१च्या सुमारास एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांनी वापरायची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. ‘तू कोण?’ असं यंत्राने विचारायचं आणि माणसाने उत्तर द्यायचं. १९६२ साली अॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला नेमून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून मागितली, आणि यंत्राने ती दिलीसुद्धा! तेव्हापासूनची धडपड यंत्राकडची यादी सांभाळायची होती. ‘बाबा रे, तू तरी कोण?’ हे माणसाने यंत्राला विचारायची वेळ अजून आली नव्हती. समोरचं यंत्र खोलीतच तर होतं.

वेब आलं आणि यंत्र खोलीबाहेर गेलं. पासवर्डही वाढले. २००७च्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी माणसाची खाती २५ आणि पासवर्ड सहा-सात निघाले. म्हणजे तीच किल्ली चार दारांना. ब्रूस श्नायर यांनी १९९७ साली ‘पासवर्ड सेफ’ काढलं, ती एक कुलूपबंद वही होती. तिच्यातून पासवर्ड आपणच उचलून आणायचा. पुढे एक्स्टेन्शनं आली आणि वही ब्राउझरमध्ये येऊन बसली. झालं काय, की माणसाने न विचारलेला तो दुसरा प्रश्न आता वही विचारू लागली. पानाचा पत्ता साठवलेल्या पत्त्याशी जुळला तरच ती पासवर्ड पुढे करते. रंग, बोधचिन्ह, ओळखीची भाषा, यांवर माणूस भुलतो. ती भुलत नाही, कारण तिला ते दिसतच नाही.

आता मर्यादा. काही पानं नाव एकीकडे आणि पासवर्ड पुढच्या पानावर विचारतात. काहींवर पडद्यावरच्या कीबोर्डवर बोट ठेवायचं असतं, काही पेस्टच करू देत नाहीत. त्यामागे टंकलेली अक्षरं चोरणाऱ्या प्रोग्रामांची भीती होती. पण ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ साली जाहीरपणे सांगितलं की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या. मला ते पटतं. उलट बाजूही आहे. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की काही जाहिरातदारांच्या स्क्रिप्ट पानात अदृश्य चौकटी ठेवतात, ब्राउझर त्या आपणहून भरतो आणि ईमेल पत्ता माग काढण्यासाठी उचलला जातो. म्हणून आपण क्लिक केल्यावरच भरेल अशी सेटिंग ठेवावी. पण २०२५ साली मारेक टोथ या संशोधकाने अनेक एक्स्टेन्शनांच्या बाबतीत ते क्लिकसुद्धा फसवून घेता येतं हे दाखवलं.

आणि बँकेचं काय? एप्रिल २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. हेतू चांगला: खोटी बँक ओळखू यावी. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. पण तुमच्या वहीत जुना पत्ता लिहिलेला! पान खरं असूनही तो जुळत नाही, आणि वही गप्प. खोट्या पानावरही ती अशीच गप्प बसते. दोन्ही मौनं बाहेरून सारखी दिसतात, आणि माणूस वैतागून हाताने पासवर्ड टंकतो. एकदा टंकला की सवय लागते. मला खरी धास्ती या सवयीची वाटते.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं: वही गप्प बसली तर तिथेच थांबा. मेसेजमधल्या लिंकने त्या पानावर आला असाल तर ते बंद करा. पासबुकावर छापलेला किंवा शाखेत विचारून घेतलेला पत्ता स्वतः टंका. नाव ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतंय का, आणि त्याच्या लगेच आधी आपल्याच बँकेचं नाव आहे का, हे अक्षर अक्षर वाचा. मग वहीतल्या जुन्या नोंदीत तो नवा पत्ता जोडा. पुढच्या खेपेला ती पासवर्ड भरेल.