शहराची वाढ आणि गटाराची मर्यादा

शहराचा इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ला, बंदर, रेल्वे आणि गिरणी यांचा इतिहास लिहिला जातो. गटाराचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. लिहिला गेलाच तर तो इंजिनिअरांच्या अहवालात असतो. तेथे नळाचा व्यास असतो, उतार असतो, खर्चाचा अंदाज असतो, पण त्या नळात उतरणारा माणूस नसतो. हा माणूस वगळला की गटार ही निव्वळ तांत्रिक बाब ठरते. तो ध्यानात घेतला की गटार ही सामाजिक व्यवस्था ठरते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या परळ-वरळी भागाचा विचार या दुसऱ्या दृष्टीने करायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. एखाद्या वस्तीत किती माणसे सुखाने राहू शकतील हे जमिनीच्या वर जितके ठरते तितकेच जमिनीखाली ठरते. मैला आणि सांडपाणी वाहून नेण्याची नळाची क्षमता संपली की तेथे वस्तीची वाढ थांबली पाहिजे, नाहीतर आधी नळ वाढला पाहिजे. मुंबईने पुष्कळदा यांपैकी एकही केले नाही. तिने वस्ती वाढू दिली आणि नळाची उणीव माणसाकडून भरून घेतली. तो माणूस कोणत्या जातीचा होता, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्रथम जमिनीकडे पाहू. मुंबई ही सात बेटे जोडून झालेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी यांच्या बांधाने वरळीजवळची समुद्राची वाट बंद झाली आणि मधला सखल पट्टा कोरडा झाला. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव यांभोवतीची बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खाली होती. मोठ्या गटाराचे तोंड वरळीच्या लव्हग्रोव्ह भागात होते. ओहोटी आली की पाणी बाहेर पडायचे आणि भरती आली की तुंबून राहायचे. म्हणजे या भागाच्या निचऱ्याला निसर्गानेच एक मर्यादा घातलेली होती. नेमक्या याच सखल भागात आणि त्याच्या आसपास श्रमिकांना वसवले गेले. उंचवट्याची मलबार हिल कोणाकडे गेली आणि खोलगट दलदल कोणाच्या वाट्याला आली, हा काही भूगोलाचा अपघात नव्हे.

यानंतर पाणी आले. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात पोहोचले, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे. पाणी आणणे हे कीर्तीचे काम होते. त्याचे समारंभ होतात. आलेले पाणी वापरून झाल्यावर बाहेर कसे जाणार हा प्रश्न मात्र मागे पडला. गटाराच्या योजना मागून योजना झाल्या, इंजिनिअर बदलले, वाद झाले, आणि खर्चाचा आकडा पाहून करदाते मागे सरले. करदाते म्हणजे घरमालक. म्युनिसिपालिटीत मत त्यांचे. भाडेकरूला मत नव्हते आणि मैला उचलणाऱ्याला तर विचारण्याचाही प्रश्न नव्हता. परिणाम असा झाला की घरात नळ आला, परंतु घराखाली पुरेसे गटार आले नाही. पाणी जमिनीत मुरत राहिले आणि आधीच ओली असलेली जमीन आणखी ओली झाली.

मग शहर चालत कसे होते? त्याचे उत्तर घरगल्लीत आहे. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठीमागे एक चिंचोळी वाट ठेवलेली असे. संडासांची तोंडे तिच्यात उघडत. खाली टोपली असे. हलालखोर या वाटेने येई, टोपली उपसे, मैला डोक्यावर घेऊन जाई. मुख्य दाराने त्याने यायचे नाही, माणसांच्या जिन्याने चढायचे नाही. त्याच्यासाठी घराच्या नकाशातच वेगळी वाट आखलेली होती. गावात महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर असे. शहराने तीच रेषा घराच्या पाठीमागे ओढली. शहरात आले की जात गळून पडते, असे मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवून पाहावा. ज्याला आधुनिक नगररचना म्हणतात तिच्या चुन्यामातीत जात मिसळलेली होती.

या सेवेसाठी म्युनिसिपालिटी जो कर घेई त्याचे नावच हलालखोर कर होते. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात तो पाणीपट्टीच्या शेजारी आहे. पुढे त्याची जागा मलनिःसारण कराने घेतली. नाव बदलले हे बरेच झाले; पण त्या जुन्या नावात एक सत्य होते. गटार नसलेल्या शहरात गटाराचे काम करणारी वस्तू म्हणजे माणूस, हे त्या काळचा कायदा लपवत नव्हता. आजची परिभाषा ते लपवते.

माणसाच्या या क्षमतेवर शहर किती अवलंबून होते हे १८९६ साली उघड झाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग आढळला. सक्तीने रुग्णालयात नेणे, घरे रिकामी करणे असे उपाय सुरू होताच लोक शहर सोडू लागले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक निघून गेले. व्यापारी गेले, गिरणी कामगार गेले. शहर कसेबसे तगून राहिले. परंतु म्युनिसिपल आयुक्त स्नो यांना खरे भय वेगळेच होते. हलालखोर आणि बिगारी निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे ते जाणून होते. या भयामुळेच ऑक्टोबरअखेर सक्तीच्या उपायांना मुरड घालावी लागली. ज्यांची सावली नको होती त्यांच्या पायांवर सबंध शहर उभे होते. हे सामर्थ्य त्या वेळी आपल्या लोकांच्या हाती होते. ते सामर्थ्य आहे ही जाणीव मात्र यायची होती. पुढे बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ उभारला, तेव्हा या जाणिवेला संघटनेचे रूप मिळाले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याकडे आधी रस्ते व गटारे आणि मग घरे, असा क्रम धरण्यात आला. ती वसाहत मध्यमवर्गाची झाली. श्रमिकांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. पुढे १९२० नंतर सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ बी.डी.डी. चाळी उभारल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या चाळींनी आपली चळवळ घडवली, १९७४ ची वरळीची दंगल सोसली, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे एवढेच नोंदवायचे की या भागाखालची गटारे अशा वस्तीच्या हिशेबाने घातलेली होती. सामाईक नळावर कळशीने पाणी भरणाऱ्या आणि सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या माणसांचे सांडपाणी ते किती असणार?

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे सुचवले: एक सार्वजनिक मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. लोअर परळमध्ये चिमण्यांच्या जागी मनोरे आले. चटईक्षेत्राचे आकडे वाढत गेले. चटईक्षेत्र म्हणजे वास्तविक जमिनीवर किती भार टाकायचा याचा निर्णय. पण हा निर्णय जमिनीच्या भावाकडे पाहून होतो. खालच्या नळाकडे पाहून तो व्हायला हवा, हे नगररचनेचे पुस्तक सांगते. व्यवहार सांगत नाही.

साधा हिशेब करू. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते. म्हणजे मनोऱ्यातली १००० माणसे दिवसाला १,०८,००० लिटर सांडपाणी नळात सोडतात. झोपडपट्टीतली तेवढीच माणसे ३६,००० लिटर. भार तिप्पट कोणाचा? तरीही नाले तुंबले की बोट झोपडपट्टीकडे दाखवले जाते.

मुंबईतील पावसाच्या पाण्याची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ताशी ५० पर्यंत वाढवण्यास सांगितले. अहवाल पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मग त्या कागदावरची धूळ झटकली गेली. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. शहर हळहळले, आणि ते योग्यच होते. मॅनहोलमध्ये माणूस मरतो हे त्या दिवशी शहराला जणू प्रथमच कळले.

येथे नळाची मर्यादा आणि माणसाचे मरण यांचा संबंध स्पष्ट केला पाहिजे. नळ क्षमतेपलीकडे भरला की पाणी मागे तुंबते, वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. बसलेला गाळ कुजतो आणि त्यातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. दुसऱ्या वायूचा वास सडक्या अंड्यासारखा. पण प्रमाण वाढले की तो नाकाची जाणीवच मारतो, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. जितका भार अधिक तितका गाळ अधिक, आणि जितका गाळ अधिक तितक्या वेळा कोणीतरी आत उतरायचे. तेव्हा वर जो मजला चढतो त्याचा भार खालच्या माणसाच्या फुप्फुसावर येतो. हे अलंकारिक बोलणे नव्हे. ही नळाची रीत आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली होती. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढतो याचा अर्थ मरणे थांबले नाही, असाच होतो. काम कंत्राटदाराकडे गेले, कंत्राटदाराकडून मुकादमाकडे. आणि मेलेल्या माणसाचा मालक कोण, हे शोधण्यातच त्याच्या विधवेची वर्षे जातात.

एक गोष्ट माझ्या घरातली सांगतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. माझे वडील याच कामातून निवृत्त झाले. मी तेव्हा एम. ए. करीत होतो. आईचे म्हणणे होते की कायम नोकरी सोडू नये, मागाहून पुस्तके वाचता येतील. वडील गप्प राहिले. दोन दिवसांनी एवढेच म्हणाले, "अर्जावर माझे नाव आहे, तुझे नको." ती नोकरी अखेर धाकट्या भावाने घेतली. आज घराचा हप्ता तो भरतो आणि मी इतिहास शिकवतो. आमच्यापैकी कोणी चूक केली असे मी म्हणू शकत नाही. उपाशी माणसाला वारसा हक्क हा आधार आहे. पण जी व्यवस्था बाकी सर्वांना गुणवत्ता सांगते आणि केवळ गटारासाठी वारसा मानते, ती काय जपते आहे, हे आपण विचारले पाहिजे.

वरळीचा समुद्रात ३.४ किलोमीटर जाणारा नळ १९९९ मध्ये सुरू झाला, बांद्र्याचा २००३ मध्ये. २०२२ पासून सात नव्या प्रक्रिया केंद्रांची कामे हाती घेण्यात आली आहेत. हे स्वागतार्ह आहे. बी.डी.डी. चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत आणि २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या काही रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ती घरे आपल्या माणसांचा हक्क आहे. तो हक्क मागतानाच आपण आणखी एक मागणी केली पाहिजे. कोणत्याही इमारतीला परवानगी देताना तिच्या खालच्या नळाची क्षमता किती, आजचा भार किती, आणि तो यंत्राने साफ होतो की माणसाने, हे जाहीर झाले पाहिजे. जेथे उत्तर "माणसाने" असेल तेथे पुढचा मजला चढता कामा नये.

विकासाला मर्यादा घालणे म्हणजे गरिबांच्या घरांना विरोध, असे कोणी म्हणेल. परंतु मर्यादा आजही आहे. ती कोठे घालायची एवढाच प्रश्न आहे. आजवर ती माणसाच्या श्वासावर घातली गेली. ती नकाशावर घाला, एवढेच आमचे मागणे आहे.