हरभऱ्याचा बेवड आणि मुळांवरील गाठी

हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने येते, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. त्यामागचे रहस्य १८८६ मध्ये उलगडू लागले. जर्मनीच्या हेलरीगेल यांनी निर्जंतुक वाळूत लावलेला वाटाणा नायट्रोजनाअभावी खुरटला. वाळूत शेतमातीचा थोडा अर्क मिसळताच मुळांवर गाठी धरल्या आणि तो तरारला. ओटला मात्र त्या अर्काचा लाभ झाला नाही. (त्या गाठी म्हणजे रोग, असेच तोवर कित्येकांना वाटे!) १८८८ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट-कारखान्यात नोकरीस असलेल्या बायेरिंक यांनी गाठींतला जिवाणू वेगळा काढला. केंद्रकविहीन असा हा एकपेशीय जीव वनस्पतीकडून अन्न घेतो आणि हवेतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात तिला देतो. खतकारखान्यात त्याच कामासाठी सुमारे ४०० अंश सेल्सियस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू ते मातीच्या उबेत उरकतो.