मुदत कार्डाची आणि कायद्याची

वॉरंटी संपून महिना-दोन महिने होतात आणि फ्रिज किंवा मिक्सर बंद पडतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : ‘मुदत संपली.’ आपणही फाइलीतले कार्ड काढून तारीख पाहतो आणि मुकाट्याने दुरुस्तीचे पैसे मोजतो. कार्डाची मुदत संपली की हक्कही संपला, हा समज मात्र कायद्याच्या इतिहासात टिकत नाही.

मालविक्रीचे नियम आपल्याकडे आधी १८७२च्या करार अधिनियमात होते. १ जुलै १९३० पासून स्वतंत्र मालविक्री अधिनियम लागू झाला. तो इंग्लंडच्या १८९३च्या कायद्यावर बेतलेला होता. खरेदीदाराने पारखून घ्यावे, हे जुने तत्त्व त्यात आहेच. पण सोळाव्या कलमात त्याला अपवाद आहेत. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही शर्त कागदावर नसली तरी गृहीत धरली जाते. माल पाहून घेतला असेल, तर पाहताना दिसायला हवा होता तेवढाच दोष त्यातून वगळला जातो; आत दडलेला नव्हे. या शर्तीला महिन्यांची मोजणी नाही. विकताना वस्तू कशी होती, एवढेच ती विचारते.

याच कायद्यात ‘वॉरंटी’ हा शब्द दुय्यम वचनासाठी आहे. शर्त हा कराराचा गाभा. वॉरंटी मोडली तर केवळ नुकसानभरपाई. बाजारात मात्र हा दुय्यम शब्दच सर्वस्व होऊन बसला. त्याला वाट बासष्टाव्या कलमाने दिली : कायद्याने गृहीत धरलेली जबाबदारी स्पष्ट कराराने बदलता किंवा नाकारता येते. ‘याखेरीज अन्य हमी नाही’ ही कार्डावरची बारीक अक्षरांतली ओळ तिथूनच बळ घेते. कार्ड एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेऊ पाहते.

शिवाय मिक्सरसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार? १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असे दारच नव्हते. ते १९८६च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने उघडले. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, असे आदेश जिल्हा मंच देऊ लागले. ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने किंवा करारान्वये, ‘स्पष्ट वा गर्भित’, राखायच्या दर्जातील उणीव येते. त्या ‘गर्भित’ शब्दाने १९३०ची शर्त ग्राहकाच्या हाती परत दिली.

२० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेल्या २०१९च्या अधिनियमाने अन्याय्य करारांविरुद्धही तक्रारीची सोय केली. पण ती जिल्ह्यात नव्हे, राज्य आयोगापासून पुढे. त्यातल्या उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणाचा गाजावाजा झाला, पण ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळले आहे. फ्रिजने घर पेटले तर ते प्रकरण उपयोगी. फ्रिज नुसताच बंद पडला तर वाट जुनीच, ‘दोषा’ची.

त्या वाटेवर पुरावा ग्राहकाने द्यायचा असतो. प्रत्येक बिघाड म्हणजे मूळचा दोष नव्हे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. तिचे शुल्क तक्रारदाराला आधी भरायला सांगितले जाऊ शकते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदतही आहे. फ्रिज किंवा मिक्सर किमान किती वर्षे चालावा, हे या दोन्ही कायद्यांपैकी एकानेही आकड्यात सांगितलेले नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा हा विषय निदान सरकारी टेबलावर आला.

तोवर प्रश्न घरातच सुटतो किंवा हरवतो. मेकॅनिक जळालेला भाग काढतो, नवा बसवतो आणि जुना पिशवीत टाकून घेऊन जातो. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या शर्तीचा एकमेव साक्षीदार त्याच पिशवीत असतो. तो भाग मागून घ्यावा, आणि काय बिघडले होते ते पावतीवर लिहूनही घ्यावे.