नायकुंडची भट्टी आणि माझी सुरी

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. नवा माणूस विचारतो, काय झालं म्हणून. मी सांगतो, चाकूनं शिकवलं. यंदा दिवाळीत नातू पुण्याहून आला. दोस्तांसोबत जंगलात तंबू ठोकून राहायचा त्याचा बेत होता. मोबाईलवर पंचवीस चाकू दाखवले आणि म्हणाला, "आबाजी, यातला कोणता घेऊ?" मी म्हटलं, "थांब बाप्पा, आधी गोष्ट ऐक. मग घे."

आमचं गाव पारशिवनीकडचं, पेंच नदीच्या अंगाचं. जवळच नायकुंड. तिथं दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. लहानपणी आम्ही ढोरं चारताना त्यांच्यावर बसायचो, ती कोणाची हे कोणी विचारत नव्हतं. दहावी झाल्यावर मी घरीच शेतीला लागलो. १९७८ ते १९८० या काळात नायकुंडला खोदकाम झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे अ. प्र. जामखेडकर यांनी ते केलं. मीही काही दिवस रोजीनं मातीची टोपली वाहिली. तिथं लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीची गोल भट्टी, भात्याचा वारा आत न्यायच्या मातीच्या नळ्या, आणि काळी मळी. इसवी सनाच्या आधी सुमारे ७०० वर्षं, म्हणजे आजपासून पावणेतीन हजार वर्षांमागची. नदी तीच, माती तीच, अन् तेव्हा आमच्या इथला माणूस दगडातून लोखंड काढत होता! मी तर टोपली डोक्यावर घेऊन उभाच राहिलो.

नागपूरच्या आसपास अशी वर्तुळं पुष्कळ आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा. टाकळघाट-खाप्याचं खोदकाम १९६८-६९ ला झालं, माहुरझरीचं १९७० ते ७२ ला. मेलेल्या माणसासोबत तेव्हाचे लोक लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर ठेवत. घोड्याचे लगामसुद्धा सापडले. मेल्यावरही माणसाला पातं लागेल असं त्यांना वाटत होतं. या पात्यांपैकी एकही घडीचं नव्हतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. कळलं ते पुढच्याच वर्षी.

१९८१ चा श्रावण. पोळा आठ दिवसांवर होता. बंडी घेऊन वावरातून येत होतो आणि नाल्याला वरून पाणी आलं. बंडी कलंडली. दोन्ही बैल जुवाखाली अडकले. डाव्या बैलाचं तोंड पाण्याखाली जात होतं. माझ्या कमरेला रामटेकच्या यात्रेत घेतलेला घडीचा चाकू होता. चकचकीत, मुठीवर नक्षी. उजव्या बैलाच्या मानेखालचं जोतं कापलं, तो सुटला, काठावर चढला. डाव्याचं जोतं ओलं होऊन आवळलं होतं. मी चाकूचं टोक खाली घालून जोर दिला. चाकू माझ्याच बोटांवर मिटला. हात लाल झाला, चाकू पाण्यात गेला. अन् बैलही गेला.

बाबा मला काही बोलले नाहीत. पोळ्याला एकच बैल सजवला, शिंगाला बेगड लावलं, पण तोरणाखाली नेला नाही. जोडीचा सण एका बैलानं कसा करायचा? त्या दिवशी घरी पुरणपोळी कोणाच्या घशाखाली उतरली नाही.

बोटं थोडी भरून आल्यावर बाबा मला गावच्या खात्याकडे घेऊन गेले. म्हातारा खाती माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "अबे पोट्ट्या, जो चाकू वाकून घडी होते, तो सफरचंद कापाले. जनावराच्या कामाचा नाही." बाबांनी बंडीच्या चाकाची जुनी धाव आणली होती. खात्यानं ती बाजूला ठेवली. म्हणाला, "हे मऊ लोखंड. धार धरत नाही. कमानीचा पाटा आण." ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा आम्ही कामठीच्या भंगारातून आणला. त्यानं तो तापवला, ठोकला आणि वीतभराहून थोडं कमी पातं काढलं. मग लाल झालेल्या पात्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवली, पाठ बाहेर ठेवली. "धार कडक पाहिजे, पाठ चिवट पाहिजे. दोन्ही कडक केलं तर काचेसारखं तुटते." पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत नेली, दोन्ही बाजूंनी धावड्याच्या लाकडाच्या फळ्या बसवून रिबिट मारले. ही सुरी आजही माझ्याजवळ आहे. चव्वेचाळीस वर्षांत मूठ एकदा बदलली.

नातवानं विचारलं, "मग आता असे खाती कुठं गेले?" त्याचं उत्तर आमच्या इतिहासात आहे. १८५४ ला भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि तिच्यासोबत विलायती लोखंड स्वस्त झालं. १८७८ साली दोन कायदे आले. एक हत्याराचा, दुसरा जंगलाचा. पहिल्यानं हत्यार बाळगायला परवाना लागू केला. दुसऱ्यानं राखीव जंगलातला कोळसा बंद केला. भट्टी चालते कोळशावर. एक कायदा पात्यावर आला, दुसरा भट्टीच्या पोटावर. मंडला-बालाघाटकडच्या अगरिया लोकांवर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ ला पुस्तक लिहिलं. भट्टीवरच्या कराचा बोजा त्या गरिबांवर कसा पडला हे त्यात आहे. दगडातून लोखंड काढायची नायकुंडची विद्या आमच्या भागातून गेली. उरला तो तयार लोखंड ठोकणारा खाती. आता त्याचा मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात जातो. त्याला मी दोष देत नाही. कारखान्यात पगार महिन्याला हातात पडतो.

आता निवडीची गोष्ट. माझ्या अनुभवानं सांगतो. जंगलात, वावरात न्यायचं पातं घडीचं नसावं. लांबी चार ते पाच इंच पुरे. मोठं पातं मिरवायला बरं, पण वांगं चिरायला आणि काडी तासायला अवघड जातं. शेपटी मुठीतून आरपार असावी, नाहीतर लाकूड फोडताना मूठच हातात राहते. पाठ जाड असावी. मूठ ओल्या हातात घसरू नये. धारेवर कानस हलकी ओढून पाहा. कानस घसरली तर पातं कडक, खाल्लं तर मऊ. न गंजणारं लोखंड नदीकाठी बरं. पण साधं कडक पोलाद दगडावर लवकर धार घेतं, त्याला फक्त पुसून जवसाचं तेल लावावं लागतं. आणि म्यान घट्ट असावं. पडलो तर पातं आधी आपल्यालाच लागतं.

कायदाही सांगितला. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट हत्यारात येते, घरची आणि शेतीची अवजारं सोडून. पण अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कोणतंच हत्यार नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तसं आहे. पेंचच्या फाटकावर गेलास तर आधी विचार. वाघाच्या घरी आपण पाहुणे.

नातू म्हणाला, "मग तुमची सुरी द्या ना आबाजी." मी नाही दिली. अजून माझ्या कामाची आहे. पण खात्यानं तेव्हा परत दिलेला कमानीच्या पाट्याचा उरलेला तुकडा माळ्यावर होता. तो घेऊन आम्ही दोघं सडकेवर उतरलेल्या गाडी लोहारांच्या पालाकडे गेलो. बाई घण मारत होती, नवरा सांडशीत लोखंड धरून फिरवत होता. तिनं तुकडा हातात घेतला, ऐरणीवर वाजवून पाहिला.

"चांगलं लोखंड हाय," ती म्हणाली. "कशाले पायजे?"

नातू माझ्याकडे पाहायला लागला. मी काही बोललो नाही. मग तोच म्हणाला, "बैल अडकला तर दोर कापायला."

बाई हसली. पोराच्या पँटीकडे, बुटाकडे पाहिलं आणि भात्याशी बसलेल्या पोरीला म्हणाली, "फुंक."