स्क्रीन रीडर

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारी आज्ञावली. अंध व्यक्ती माउस बाजूला ठेवून सगळे काम कीबोर्डवर करते; टॅबने एका घटकावरून पुढच्यावर जायचे, बाणांच्या कळांनी ओळ किंवा अक्षर ऐकायचे. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की त्यातलाच ‘नॅरेटर’ बोलू लागतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो. त्याच्यासोबत येणारी ‘ईस्पीक एनजी’ ही आवाज तयार करणारी आज्ञावली मराठी बोलते, जरा यंत्रासारखे, पण कळेल असे.

मराठीची खरी अडचण आवाजाची नाही, फाँटची आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये ‘कळमनुरी’ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे नाव पडद्यावर शुद्ध दिसते. फाइलीत मात्र रोमन अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी नुसते चित्र. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी उपाययोजना करणे शासनावर बंधनकारक आहे. जुन्या फाँटमधील फाइल परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येते. जोडाक्षरे नंतर कोणालातरी तपासावी लागतात.